सूर तोच, जमीन सरकते: पियानोवर उदास गाणी कशी वाजतात

पेटीवर हात बसलेल्या माणसाने पहिल्यांदा पियानोसमोर बसावं. त्याची फजिती बघण्यासारखी असते. माझीही झाली. पेटीचा सूर हक्काचा; भाता हलतोय तोवर तो कुठे जात नाही. पियानोची कळ दाबली, सूर आला, छान वाटलं, आणि मग लक्षात आलं की हा आल्या क्षणापासून निघालाच आहे. मी कळ आणखी जोरात दाबून धरली. काही फरक पडला नाही. शेजारी बसलेल्या मिस, मूळच्या गोव्याच्या आणि वयाने सत्तरीच्या पुढच्या, म्हणाल्या, "दाबून काय होणार बाबा? हातोडी केव्हाच परत गेली."

चाळिशीत पियानो शिकायला गेलो ते एका ठरावीक हौसेने. मला आनंदी, तुरुतुरु पळणारं काही वाजवायचं नव्हतं. संध्याकाळी दिवे लावायच्या आधी घरात जो एक भाव असतो, ज्याला आपण हुरहुर म्हणतो, ती वाजवायची होती. दुःख असतं, पण रडू येत नाही. आठवण असते, पण ती नकोशीही नसते. हे पियानोवर कसं होतं, कोणत्या कळांमुळे होतं, याचा छडा लावायचा असं डोक्यात होतं. त्यातलं जे समजलं ते इथे पेटीच्या भाषेत सांगतो, म्हणजे पांढरी १, काळी ४ वगैरे. घरात पेटी किंवा मुलाचा धूळ खात पडलेला कीबोर्ड असेल तर पुढ्यात घ्या. दोन काळ्या पट्ट्यांची जोडी दिसेल, तिच्या लगेच डावीकडची पांढरी ती पांढरी १. तिथून उजवीकडे मोजत जा: पांढऱ्या ७ पर्यंत, काळ्या ५ पर्यंत.

आधी हातोडीचं बघू, कारण सगळं तिथून सुरू होतं. इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये, मेदिची घराण्याच्या पदरी वाद्यांची देखभाल करणाऱ्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास हे यंत्र बनवलं. कळ दाबली की आतली हातोडी उडते, तारेवर आपटते आणि तत्क्षणी मागे येते. मागे आली नाही तर तीच तार दाबून टाकेल. म्हणजे वाजवणाऱ्याच्या हातात एकच गोष्ट आहे: हातोडी किती वेगाने जाते. एकदा ती सुटली की तो सूर फुगवता येत नाही, हलवता येत नाही, थोडा वर ओढता येत नाही. दोर कापलेल्या पतंगासारखा तो बघत बसायचा.

पण तो नुसता विझत नाही, दोन टप्प्यांत विझतो. पियानोच्या मधल्या आणि वरच्या भागात प्रत्येक सुराला तीन तारा असतात. हातोडी तिघींवर एकदम पडते, तिघी एका तालात हलतात आणि आपली शक्ती लाकडी फळीला भराभर देऊन टाकतात. हा पहिला, मोठा आवाज. तो झपाट्याने उतरतो. मात्र तीन तारा अगदी तंतोतंत सारख्या कधीच नसतात. थोड्या वेळात त्या एकमेकींच्या उलट हलू लागतात, एक ओढते तर दुसरी ढकलते, आणि फळीकडे जाणारी शक्ती थेंबाथेंबाने जाऊ लागते. म्हणून सुराला एक बारीक, लांब शेपटी राहते. गॅब्रिएल वाइनराइख या भौतिकशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये हे नीट उलगडून दाखवलं. माझ्या मते पियानोवरची सगळी उदासी या शेपटीत राहते. जोरात, भराभर वाजवणाऱ्याला ती ऐकूच येत नाही, कारण त्याचा पुढचा सूर तिच्यावर येऊन आदळलेला असतो.

आता नेहमीचा प्रश्न. पियानो शिकणारं कुठलंही पोर सांगेल, मेजर म्हणजे आनंदी, मायनर म्हणजे दुःखी. करून बघा. पांढरी १, पांढरी ३, पांढरी ५ एकदम दाबा: सा, ग, प. असे एकदम वाजणारे सूर म्हणजे कॉर्ड; ही मेजर कॉर्ड. आता मधलं बोट उचलून काळी २ वर ठेवा. गंधार कोमल झाला, आणि कॉर्ड मायनर. खोलीतला दिवा कोणीतरी मंद केल्यासारखं वाटतं ना?

याचं एक कारण तानपुऱ्याजवळ बसलेल्यांना चटकन कळेल. खर्जाची तार नीट जुळली की तिच्यातून आपोआप गंधार ऐकू येतो, कोणी न छेडता. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, आणि तो शुद्ध असतो. तारेच्या पोटातच तो आहे. पियानोच्या खालच्या तारांतही आहे, बारीक. तुम्ही वर कोमल गंधार दाबता तेव्हा तारेतला तो शुद्ध गंधार आणि बोटाखालचा कोमल, असे दोघे एका घरात येतात आणि कुरबूर सुरू होते. अगदी पुसट, पण कान ती टिपतो. भांडण म्हणावं इतकी मोठी नाही, आणि ऐकूच येऊ नये इतकी बारीकही नाही.

एवढ्यावर थांबलो तर मात्र आपलेच कान आपल्याला हसतील. काफीत कोमल गंधार आहे, आणि काफीतली होरी रंगाने भिजलेली असते. मालकंसात गंधार, धैवत, निषाद तिन्ही कोमल, पण मालकंस ऐकून कोणी डोळे पुसत नाही. तो आब राखून बसलेला राग आहे. कोमल सुरांवर वाढलेल्या आपल्या कानांना मायनर कॉर्ड दुःखी वाटते, त्यात बराच वाटा सिनेमाच्या संगीताचा आणि सवयीचा आहे. म्हणजे कोमल गंधार हा उदासीचा एक मसाला झाला. नुसत्या मसाल्याने आमटी होत नाही.

मग आपल्या गाण्यात करुण भाव कसा येतो? बहुतेक वेळा सुराच्या वाटेने. सा पक्का असतो, मागे तानपुरा तो सतत सांगत असतो, आणि गायक त्या पक्क्या जमिनीवर उभा राहून एखादा सूर वाकवतो, झुलवतो, दुसऱ्या सुरावरून ओढत आणतो. दरबारीचा गंधार पेटीवर कधीच सापडत नाही, हे प्रत्येक पेटीवाल्याचं जुनं दुखणं. पियानोची तीच अडचण आहे, किंबहुना जास्त. पांढरी ३ आणि काळी २ यांच्या मध्ये काही नाही. मींड नाही, आंदोलन नाही.

पियानोने यावर जी वाट काढली ती नेमकी उलटी आहे, आणि मला या सगळ्या विषयात सांगण्यासारखं काही वाटत असेल तर ते हेच. गायक जमीन स्थिर ठेवून सूर हलवतो. पियानो सूर स्थिर ठेवतो आणि त्याच्या खालची जमीन हलवतो.

उजव्या हाताच्या एका बोटाने पांढरी ३ वाजवा. डाव्या हाताने खाली पांढरी १ आणि ५ दाबा. वरचा सूर गंधार झाला, गोड, घरातला. आता उजवं बोट तिथेच ठेवून पुन्हा वाजवा, पण डाव्या हाताने खालची पांढरी ६ आणि तिच्यावरची १ घ्या. वरचा सूर तोच, पण आता तो खालच्या सुराचा पंचम झाला, आणि सगळं थोडं पोक्त झालं. तिसऱ्यांदा डाव्या हाताने पांढरी ४ आणि ६ घ्या. आता तोच सूर शुद्ध निषाद. वर सा समोर दिसतोय, पण पोचायचं राहिलंय. एकच बाई माहेरी ताई, सासरी वहिनी आणि ऑफिसात मॅडम असते. ती तीच, हाक कुठून येते त्यावर तिचं नाव बदलतं. पियानोवरच्या सुराचं असंच. तुम्ही गाण्यातला एक सूर धरून बसलेले असता आणि खालून तुम्हाला मारलेली हाक बदलते. आपण काही केलं नाही, तरी काहीतरी बदललं. हुरहुर म्हणजे याहून वेगळं काय असतं?

याचा सगळ्यात मोठा पुरावा फक्त २५ बारांचा आहे. बार म्हणजे आपलं आवर्तन म्हणा. पोलिश संगीतकार फ्रेडरिक शोपाँचा ई मायनरमधला प्रेल्यूड, म्हणजे छोटी रचना, ओपस २८ या संग्रहातला चौथा. नवशिक्यांच्या हातातही येतो, आणि मुरलेल्यांच्या हातातून निसटतो.

हे २४ प्रेल्यूड १८३९ मध्ये छापले गेले. त्याआधीचा हिवाळा शोपाँने स्पेनच्या मायोर्का बेटावर काढला. सोबत लेखिका जॉर्ज सां आणि तिची दोन मुलं. हवापालट होईल म्हणून गेले आणि पाऊस मागे लागला. शोपाँ आजारी पडला. बेटावरचे तीन डॉक्टर येऊन गेले, त्याबद्दल त्याने मित्राला पत्रात लिहिलं की एक म्हणाला मी मेलोय, दुसरा म्हणाला मरतोय, तिसरा म्हणाला मरणार. पुढे ही मंडळी वाल्देमोसा गावातल्या रिकाम्या मठात राहायला गेली. पॅरिसहून निघालेला प्लेयेल कंपनीचा पियानो जकातीत अडकला, तो जानेवारीत मिळाला. तोवर एका साध्यासुध्या स्थानिक पियानोवर काम भागवलं. संग्रह तिथे पुरा झाला. आजारपण, पाऊस, मठ असं सगळं जुळून आल्यामुळे लोकांना या प्रेल्यूडमध्ये पावसापासून मरणापर्यंत काय काय ऐकू येतं. मला त्यातल्या बोटांमध्ये जास्त रस आहे.

डावा हात पांढरी ५, ७ आणि वरची ३ अशी तीन सुरांची कॉर्ड घेऊन बसतो आणि तीच पुन्हा पुन्हा, बारला आठ वेळा, हलकेच वाजवत राहतो. उजवा हात वर पांढरी ७ वाजवतो. लांब. मग क्षणभर तिच्या शेजारची, वरच्या सप्तकातली पांढरी १. परत ७. परत १. चाल म्हणून सुरुवातीला इतकंच. कोणाला गुणगुणून दाखवलं तर तो म्हणेल, मग पुढे?

पुढचं सगळं खाली घडतं. डाव्या हाताच्या तीन बोटांपैकी एक बोट घसरतं. बाकीची दोन जागेवर. मग दुसरं. मग पुन्हा पहिलं. बहुतेक वेळा अर्ध्या सुराने, कधी एका. रात्री दिवे गेल्यावर तीन माणसं एकमेकांना धरून जिना उतरतात, एका वेळी एकानेच पाऊल टाकायचं, तसं. आणि प्रत्येक पावलाला वरच्या त्या स्थिर सुराचा अर्थ बदलतो. मधल्या काही कॉर्डना धड नावही देता येत नाही. पुस्तकं त्यांच्यावरून वाद घालतात. दोन ठिकाणांच्या मधल्या त्या पायऱ्या आहेत, इतकं समजलं तरी वाजवणाऱ्याचं काम भागतं.

आता वरच्या दोन सुरांकडे या. कॉर्ड ई मायनरची, म्हणजे इथे पांढरी ३ ला सा म्हणायचं. त्या हिशेबात पांढरी ७ पंचम होते आणि वरची १ कोमल धैवत. कोमल धैवतावरून पंचमावर येणं आपल्याला कोणी शिकवायला नको. भैरव घ्या, आसावरी घ्या, धैवत पंचमावर टेकतो तेव्हा काय होतं ते आपण लहानपणापासून ऐकतोय. युरोपियन संगीतात अशा उतरत्या जोडीला उसासा म्हणायची जुनी रीत आहे. जॉन स्लोबोडा या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये ८३ श्रोत्यांना विचारलं होतं, गाण्यातल्या नेमक्या कुठल्या जागी तुमच्या अंगावर काटा येतो, कुठे डोळे भरतात. डोळे भरणाऱ्या जागांमध्ये एक प्रकार सारखा सापडला: कॉर्डमध्ये न बसणारा सूर जोर घेऊन येतो, खुपतो आणि मग एक पायरी उतरून जागेवर बसतो. शोपाँने यात एक बारीक फेर केला आहे. त्याचा धैवत जोरावर येत नाही, बारच्या शेवटी हळूच येतो, जणू बोलू की नको असं करत. त्यामुळे उसासा ऐकू येतो, पण तो सोडणारा माणूस आपल्याकडे बघत नसतो.

मी हा प्रेल्यूड पहिल्यांदा वाजवला तेव्हा तीन चुका केल्या. तिन्ही चुका सगळेच करतात असं मिस म्हणाल्या, तेव्हा बरं वाटलं.

पहिली, डावा हात टाइपरायटरसारखा चालला होता. आठ सारखे ठोके आले की बोटं कारकुनी करायला लागतात. उपाय साधा, पण जमायला महिने गेले: कळ पूर्ण वर येऊ द्यायचीच नाही. ती अर्ध्यावर आली की पुन्हा खाली न्यायची, बोट कळीवरून न उचलता. आवाज आपोआप लहान होतो आणि ठोक्याचं टोक बोथट होतं.

दुसरी चूक, मी फार सावकाश वाजवलं. दुःख आहे ना, मग सावकाश. कागदावर लार्गो, म्हणजे अगदी सावकाश, असं लिहिलेलंही आहे. पण त्याच कागदावर सुरुवातीला तालाची जी खूण आहे ती सांगते की बारला दोन मोजा. मी आठ मोजत होतो. आठ मोजले की प्रेतयात्रा निघते. दोन मोजले की श्वास लागतो, एक आत, एक बाहेर. शिवाय आपला वरचा सूर विझतोय हे विसरून चालत नाही. फार रेंगाळलात तर पुढचा सूर येईपर्यंत मागचा संपलेला असतो आणि दोघांमधला धागा तुटतो. शेपटी अजून हातात आहे तोवर पुढचा सूर यायला हवा, आणि तो मागच्याची शेपटी जिथे पोचली असेल तितक्याच आवाजात यायला हवा. हे वाचायला सोपं आहे.

तिसरी चूक लयीची. भाव आणायचा म्हणून मी दोन्ही हात एकदम ओढत होतो, सोडत होतो. मिसनी माझा डावा हात धरून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "तुमच्या तबलावाल्याने असं केलं तर?" प्रश्न बरोबर होता. विलंबितात ठेका सरळ चाललेला असतो म्हणून गायकाला लयीशी लपंडाव खेळता येतो. ठेकाच लपायला लागला तर खेळ कसला? शोपाँ आपल्या विद्यार्थ्यांना सांगत असे की डावा हात म्हणजे वाद्यवृंदाचा संचालक, त्याने वेळ पाळायची. उजव्याने हवं तर मागे राहावं, पुढे जावं. समेला भेट झाल्याशी कारण. युरोपियन संगीतातली ही गोष्ट समजायला मराठी माणसाला एक मैफल पुरेशी आहे.

मधे, सोळाव्या-सतराव्या बारात, सगळा संयम सुटतो. आवाज चढतो, चाल एकदम वर उडी घेते, डावा हात खर्जात जातो. दोन-तीन बारांत ते ओसरतं. आणि शेवटाजवळ, तेविसाव्या बारात, शोपाँ एक अवघड कॉर्ड देऊन चक्क थांबतो. कागदावर विरामाचं चिन्ह आणि त्यावर डोळ्यासारखी खूण, म्हणजे वाटेल तितका थांब. मग अगदी खाली, अगदी हळू, तीन कॉर्ड. संपलं. पियानोच्या दृष्टीने बघा: २२ बार जी जमीन सतत सरकत होती, ती एकदम नाहीशीच होते. वाजवणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्या शांततेला घाबरून लवकर पुढे जातात. मीही जातो.

१७ ऑक्टोबर १८४९ ला शोपाँ पॅरिसमध्ये गेला. ३० तारखेला माद्लेन चर्चमध्ये अंत्यविधी झाला, तेव्हा हाच प्रेल्यूड ऑर्गनवर वाजवला गेला. मला याचं नेहमी नवल वाटतं. ऑर्गन म्हणजे आपल्या पेटीचा थोरला भाऊ. कळ दाबून आहे तोवर त्याचा सूर ढळत नाही. ज्या रचनेचा जीव सूर विझण्यात आहे, ती त्या दिवशी न विझणाऱ्या वाद्यावर वाजली.

आता दुसरं टोक. इथे सुरुवातीला मायनर नाहीच. एरिक साती नावाच्या फ्रेंच संगीतकाराने १८८८ मध्ये जिम्नोपेदी नावाच्या तीन छोट्या रचना केल्या. पहिलीवर सूचना आहे: सावकाश आणि वेदनेने. डाव्या हाताने खाली पांढरी ५ वाजवा, मग वर पांढरी ७, २ आणि काळी ३ एकत्र. मग खाली पांढरी २, आणि वर पांढरी ६, काळी १, काळी ३. पुन्हा पहिलं. पुन्हा दुसरं. तीन मात्रांचा बार: पहिलीवर खालचा सूर, दुसरीवर कॉर्ड, तिसरीवर काहीच नाही, मागचंच घुमत राहतं. दोन्ही कॉर्ड मेजर घराण्यातल्या, शुद्ध गंधाराच्या. तरी मन कातर होतं.

गोम शुद्ध निषादात आहे. साध्या सा-ग-प मध्ये वरून नी मिसळला की ही कॉर्ड होते. सा आणि नी अगदी शेजारी वाजवून बघा, पांढरी ७ आणि तिच्या लगतची १: दात आंबतात. आता त्यांना लांब करा, सा खर्जात, नी वर, मध्ये ग आणि प ची उशी. तोच आंबटपणा आता गोडात मुरलेला लागतो, कैरीच्या मेथांब्यासारखा. साती त्या कॉर्डची सोडवणूकही करत नाही. निषाद सा कडे जात नाही. झोपाळा पुढे-मागे होतो आणि कुठेच पोचत नाही. पूर्ण रचना दोनदा जवळजवळ तशीच येते. पहिल्या वेळी शेवटची कॉर्ड मेजर असते, दुसऱ्या वेळी मायनर. एकाच सुराचा फरक, तोही सगळं संपता संपता.

लोक असं संगीत मुद्दाम का ऐकतात, याचं उत्तरही या झोपाळ्यात थोडं मिळतं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ७७२ जणांना विचारलं होतं की उदास संगीत ऐकताना तुम्हाला काय वाटतं. सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर दुःख नव्हतं. ते होतं जुन्या दिवसांची ओढ. आपल्याकडे हे शास्त्रज्ञांना विचारावं लागत नाही. मैफल संपताना भैरवी येते, तेव्हा वाईट घडलेलं काहीच नसतं. चांगलं काहीतरी संपत असतं.

घरी करायला एक छोटी युक्ती सांगतो, माझ्या मते सगळ्यात कमी खर्चाची हुरहुर. पांढरी ४, ६ आणि वरची १ एकदम वाजवा. मेजर, प्रसन्न. आता पांढरी ६ वरचं बोट काळी ४ वर सरकवा. मग पांढरी १, ३, ५. झालं. मधल्या आवाजाचा प्रवास बघा: शुद्ध धैवत, कोमल धैवत, पंचम. घरी परत आलात, पण वाटेत कोणीतरी भेटून गेलं. सिनेमातल्या कितीतरी गाण्यांत मुखड्याकडे वळताना ही जागा लपलेली असते. एकदा कान बसला की सुटत नाही. ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टने तर मेजर आणि मायनर यांच्यामधलं दार कधी लावलंच नाही. एकाच ओळीत ऊन आणि सावली. १८२८ मध्ये तो गेला, वय ३१.

याहून सोपं हवं असेल तर डाव्या हाताने नुसत्या पांढऱ्या पट्ट्या उतरत या: ६, ५, ४, ३. पुन्हा ६, ५, ४, ३. युरोपात ही चार पायऱ्यांची उतरण विलापाची म्हणून ओळखली जाते. इटालियन संगीतकार मोंतेवेर्दीने १६३८ मध्ये छापलेल्या एका विलापात हीच चार पावलं शेवटपर्यंत फिरत राहतात आणि वर बाई रडत असते. उजव्या हाताने काहीही वाजवा, वाईट लागत नाही. मुलांना हे शिकवू नये, दिवसभर तेच वाजवतात.

आपल्या कानांपर्यंत हे सगळं पोचलं ते बरंचसं गोव्यामार्गे. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत मुलं स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकली, त्यांतली कितीतरी पुढे मुंबईच्या स्टुडिओत आली. सेबास्टियन डिसोझांसारख्या संयोजकांनी हिंदी सिनेमाच्या चालींखाली ही सरकती जमीन घातली. चाल आपली, खालचा जिना तिकडचा. गोव्यात मांडो हा गाण्याचा प्रकार आहेच, सावकाश झुलणारा, विरहाचा, आणि त्याच्यामागून दुलपद आलं की पाय उचलायला लागतात. जुन्या ख्रिस्ती घरांच्या दिवाणखान्यात पियानो असे, मिसच्या आजीकडेही होता. आणि सिनेमातला तो प्रसंग तर कोण विसरेल: नायिकेचा साखरपुडा भलत्याशीच, नायक सुटाबुटात पियानोवर, पाहुण्यांना काही कळत नाही, तिला सगळं कळतं. चाल वर चढत असते आणि नायकाचे हात निवांत डावीकडे निघालेले असतात. पियानो शिकायला लागल्यापासून मला हे प्रसंग शांतपणे बघता येत नाहीत.

एवढं सगळं जमलं आणि पेडल चुकलं तर मात्र खेळ खलास. अगदी वरचे काही सूर सोडले तर पियानोच्या तारांवर लोकरी नमद्याची एकेक गादी टेकलेली असते. कळ सोडली की ती तारेवर बसते आणि आवाज बंद होतो. उजवं पेडल दाबलं की सगळ्या गाद्या एकदम उठतात. न छेडलेल्या ताराही आता मोकळ्या होतात आणि गुणगुणायला लागतात, सतारीच्या तरफेसारख्या. शेपटी लांबते, जागा मोठी वाटते. नवशिक्याला हे इतकं आवडतं की तो पाय उचलतच नाही, आणि चार कॉर्डमध्ये सगळ्याचा चिखल होतो. शोपाँच्या त्या जिन्यावर तर विशेषच, कारण तिथे शेजारशेजारचे सूर एकावर एक साचतात.

नियम आपल्या सवयीच्या उलट आहे. हात आणि पाय एकदम खाली जायचे नाहीत. नवी कॉर्ड हाताने वाजवली की त्याच क्षणी पाय वर, जुनी कॉर्ड पुसली जाते. आणि लगेच पाय परत खाली, नवी पकडली जाते. हात खाली, पाय वर. पहिले काही आठवडे कोणीतरी डोक्यावर थोपटत पोटावर गोल हात फिरवायला सांगितल्यासारखं वाटतं. घरी डिजिटल पियानो असेल तरी हेच. फक्त त्याच्या सोबत येणारा तो चपटा पायपट्टा जमिनीवर पळत जातो, त्याच्याखाली रबराची चटई घाला.

परवा प्रेल्यूड शेवटपर्यंत नीट गेला. मिसचा जुना पियानो, खिडकी उघडी. तेविसाव्या बारात मी थांबलो, खरोखर थांबलो. मग खालच्या तीन कॉर्ड. शेवटची वाजवली आणि हात उचलणार तोच मिसनी तळहात हवेत धरला, थांब अशा अर्थाने. आवाज उतरला, मग ती शेपटी सुरू झाली. खालच्या तारा जाड असतात, त्यांची शेपटी लांब. पंख्याचा आवाज, खालून जाणारी रिक्षा, आणि त्यांच्या मागे अजून तो ई मायनर, आहे की नाही असं वाटावं इतका. मिसचा हात तसाच वर. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मिसनी हात खाली घेतला.

"परत," त्या म्हणाल्या. "तेराव्या बारापासून. डावा हात मोठा होता."